पडद्यावरील अनाहूतांचा शोध

सार्वजनिक जागी टांगलेल्या पडद्याकडून पाहणाऱ्याची अपेक्षा अगदी माफक असते: जे दाखवायचे ते त्याने दाखवावे आणि त्याखेरीज काही दाखवू नये. यातील दुसरी अपेक्षा पहिलीहून कठीण आहे, हे मात्र असा पडदा ज्याने स्वतः उभा केला असेल त्यालाच कळते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील क्रमांक, ग्रंथालयात नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची यादी, संग्रहालयातील एखाद्या ताम्रपटाची माहिती, असे काही तरी अखंड दाखवीत राहण्यासाठी एक लहानसा संगणक, त्यावर लिनक्स ही प्रणाली, तीवर एक ब्राउझर आणि त्या ब्राउझरात एकच पान, अशी जी रचना आज सर्रास केली जाते आणि जिला किऑस्क म्हणतात, ती पहिल्या दिवशी बहुधा निर्दोष चालते. आणि पुढे केव्हा तरी, शक्यतो उद्घाटनास कोणी प्रतिष्ठित गृहस्थ यायचे असतील त्याच दिवशी, पडद्याच्या ऐन मध्यावर कर्सरचा बाण येऊन उभा राहतो, माथ्यावर टास्कबारची पट्टी उगवते, कोपऱ्यात ‘पाने पुन्हा उघडू काय?’ अशी इंग्रजी पृच्छा प्रकट होते, किंवा पिवळ्या विजेची एक खूण लुकलुकू लागते आणि तिचा अर्थ उपस्थितांपैकी कोणालाही सांगता येत नाही.

अशा प्रसंगी सामान्यतः जो उपाय केला जातो तो असा, की कोठून तरी मिळालेल्या दहा-वीस आज्ञा एकामागून एक प्रारंभ-फाइलीत घालाव्या, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि काय होते ते पाहावे. त्यांपैकी एखादी लागू पडतेही; परंतु कोणती लागू पडली हे कळलेले नसल्यामुळे बाकीच्या निरुपयोगी आज्ञाही त्या फाइलीत कायमच्या मुक्कामाला राहतात, आणि प्रणालीची पुढची आवृत्ती आली म्हणजे सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. वस्तुतः लिनक्सच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक आकृती, मग ती इष्ट असो वा अनिष्ट, कोणत्या तरी एका निश्चित घटकाने काढलेली असते. तिला एक मालक असतो, आणि तिला हटविण्याचा अधिकार बहुधा त्या मालकाच्याच दफ्तरी असतो. बांधाच्या तंट्यात तलाठी जसा आधी सातबाराचा उतारा पाहतो आणि कब्जेदार कोण हे ठरल्याखेरीज पुढचे बोलत नाही, तसाच या कामातही पहिला प्रश्न ‘हे कसे घालवावे’ हा नसून ‘हे काढले कोणी’ हाच असला पाहिजे.

हा प्रश्न लिनक्सवर विशेष रीतीने उपस्थित होतो, कारण तेथे पडदा एकाच सत्तेखाली नाही. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, प्रोजेक्ट अथीना या उपक्रमाच्या अनुषंगाने, बॉब शाइफ्लर आणि जिम गेटीस यांनी एक्स नावाची जी खिडकी-प्रणाली उभी केली आणि जिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून आजतागायत चालत आली आहे, तिच्या रचनेतच अशी विभागणी आहे की पडद्यावर रेखाटण्याचे काम एका कार्यक्रमाने करावे, खिडक्यांच्या कडा आणि जागा दुसऱ्याने सांभाळाव्या, पट्ट्या आणि याद्या तिसऱ्याने दाखवाव्या, सूचनांच्या चौकटी चौथ्याने आणाव्या. या औदार्याचे फायदे पुष्कळ झाले. त्याचा एक परिणाम मात्र असा की पडद्यावर काही नको असलेले दिसले तर त्याचा जाब एकाच खात्याला विचारून भागत नाही. सर्वांत खाली तो टीव्ही किंवा मॉनिटर स्वतः, त्याच्या वर संगणकाचे फर्मवेअर, मग कर्नल, मग एक्स किंवा त्याच्या जागी आता येत असलेले वेलँड, मग डेस्कटॉपचा सगळा गोतावळा, त्यावर ब्राउझर आणि ब्राउझरात आपले पान: एवढ्या थरांपैकी प्रत्येकाला त्या एकाच काचेवर लिहिण्याची मुभा आहे, आणि पाहणाऱ्याला ते सारे एकाच हातचे वाटते.

थर ओळखण्याची एक साधी कसोटी आहे आणि तिची शिफारस मी निःशंकपणे करतो. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचद्वारे त्या यंत्रात शिरावे आणि तेथूनच पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. (दूरस्थ प्रवेशात आज्ञा देताना ‘डिस्प्ले’ हे परिवेश-चल भरून कोणता पडदा अभिप्रेत आहे हे सांगावे लागते, ते विसरल्यामुळे ‘पडदा उघडता येत नाही’ असे उत्तर मिळून कित्येकांचा तपास पहिल्याच पावलावर थबकतो.) अनिष्ट आकृती त्या चित्रात उतरली असेल तर ती डिस्प्ले सर्व्हरच्या, म्हणजे एक्स किंवा वेलँडच्या, किंवा त्याच्या वरच्या इलाख्यातली आहे असे समजावे, समोर भिंतीवर दिसते आहे पण चित्रात नाही, असे असेल तर ती खालून, म्हणजे फर्मवेअरकडून किंवा प्रत्यक्ष टीव्हीकडून आलेली आहे, आणि मग लिनक्सच्या साऱ्या फाइली चाळूनही ती सापडणार नाही. या नियमाला कर्सर हा एक मोठा अपवाद आहे. कर्सरचे चित्र पुष्कळदा ग्राफिक्स यंत्रणेच्या एका स्वतंत्र पातळीवर ठेवलेले असते आणि ते बाकीच्या प्रतिमेत पडद्याकडे जाता जाताच मिसळले जाते, त्यामुळे डोळ्यांसमोर बाण स्पष्ट असूनही स्क्रीनशॉटमध्ये त्याचा मागमूस नसतो.

टीव्हीच्या अपराधांविषयी थोडक्यात सांगतो. काटकसरीने घरगुती टीव्ही लावले जातात, आणि घरगुती टीव्हीचा समज असा असतो की आपल्यासमोर कोणी तरी हातात रिमोट घेऊन बसलेला आहे. म्हणून तो ‘एचडीएमआय १’ अशी पाटी दाखवितो, आणि कित्येक टीव्ही चार तासांत रिमोटचे एकही बटण दाबले गेले नाही तर वीज वाचविण्याच्या सद्हेतूने स्वतःला मिटून घेतात. प्रतिमेच्या कडा कापल्या जाणे हीही नळीच्या टीव्हीच्या काळातली सवय पुढे चालत आलेली आहे. आणि तिची भरपाई म्हणून अशा कामी वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाचे फर्मवेअर काही वेळा सभोवार काळी पट्टी सोडते. या सर्वांचा इलाज टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो, आणि पट्टीचा तेवढा फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलीत.

आता टास्कबार. पूर्ण पडदा व्यापलेल्या ब्राउझरच्या वर पट्टी दिसते तेव्हा लोक पट्टीला दोष देतात, पण चौकशीअंती दोष बहुधा ब्राउझरच्या आकाराचा निघतो. एक्सच्या जगात पट्टी स्वतःला ‘गोदी’ या प्रकारची खिडकी म्हणून जाहीर करते, आणि खिडकी-व्यवस्थापक तिला सामान्य खिडक्यांच्या वर पण पूर्ण-पडदा खिडकीच्या खाली ठेवतो. वेलँडमध्ये खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या कार्यक्रमाला कंपॉझिटर म्हणतात; अशा अनेक कंपॉझिटरांत याच कामासाठी पार्श्वभूमी, तळ, वर आणि आच्छादन असे चार स्तर आहेत, आणि पूर्ण-पडदा खिडकी ‘वर’ या स्तरालाही झाकते. सबब पट्टी दिसत असेल तर त्याचा अर्थ असा की त्या क्षणी ब्राउझर खऱ्या अर्थाने पूर्ण-पडदा झालेलाच नाही: तो डेस्कटॉपच्या आधी उठला असेल, टीव्ही उशिरा जागा झाल्यामुळे पडद्याचे मोजमाप मागाहून बदलले असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या चौकटीने लक्ष आपल्याकडे ओढून घेतले असेल. सूचनांची चौकट मात्र ‘आच्छादन’ स्तरावर आली तर ती पूर्ण-पडदा खिडकीच्याही डोक्यावर बसते. तिचा दोष तिच्याच माथी आहे.

एक्सवर मालक शोधण्याची साधने जुनी आणि विश्वासू आहेत. एक्सप्रॉप हा कार्यक्रम चालवून त्या आकृतीवर माउसने टिचकी मारली की खिडकीचे नाव आणि तिचा वर्ग बाहेर पडतो. माउस नसेल तर एक्सविनइन्फोला मूळ खिडकीपासूनचा सारा वंशवृक्ष छापायला सांगता येतो, आणि त्यात प्रत्येक खिडकीची लांबी, रुंदी व जागा दिलेली असल्यामुळे ‘उजव्या वरच्या कोपऱ्यातली तीनशे बिंदू रुंदीची’ कोण, हे यादीवरूनच ठरते. वेलँडने ही सोय बुद्ध्याच काढून घेतली. त्याच्या नियमानुसार एका कार्यक्रमाला दुसऱ्याच्या खिडक्या पाहण्याचा अधिकार नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु तपास करणाऱ्याला मग कंपॉझिटरच्या खास साधनांवर किंवा संशयित कार्यक्रम एकेक करून बंद करण्याच्या जुन्या मार्गावर यावे लागते. या मार्गातही एक गंमत आहे. रास्पबेरी पायच्या जुन्या एलएक्सडीई डेस्कटॉपवर पट्टीचा कार्यक्रम मारला की क्षणार्धात ती पुन्हा उगवते, आणि नवख्याला वाटते की आपली आज्ञा चुकली. खरे पाहता ज्या फाइलीत पट्टी सुरू करण्याची ओळ असते त्या ओळीच्या आरंभी ‘ॲट’चे चिन्ह असते आणि त्याचा अर्थच ‘हा मेला तर पुन्हा उठवावा’ असा आहे. तेथे कार्यक्रम मारून उपयोग नाही, ओळ काढली पाहिजे.

कर्सरचा प्रश्न या सर्वांत अधिक मनोरंजक आहे, आणि तो दोन पिढ्यांतील फरक उत्तम रीतीने दाखवितो. एक्समध्ये कर्सर ही सर्व्हरच्या ताब्यातील वस्तू आहे. त्यामुळे सर्व्हरलाच सुरू होताना ‘कर्सर नको’ असा पर्याय देता येतो आणि मग तो सर्वत्र, सर्वकाळ नाहीसा होतो. माउस मुळीच नसलेल्या फलकासाठी याहून चांगला उपाय नाही. ज्यांना माउस हलविल्यावर बाण हवा आणि एरवी नको, त्यांच्यासाठी अनक्लटर नावाचा एक लहानसा कार्यक्रम फार वर्षांपासून चालत आला आहे. तो काही सेकंद हालचाल झाली नाही की बाण लपवितो. त्याची जुनी युक्ती अशी होती की बाणाच्या खाली एक चिमुकली खिडकी निर्माण करून तिच्यात अदृश्य कर्सर ठेवायचा. अर्थातच खालच्या पानाला वाटायचे की बाण आपल्यावरून निघून गेला, आणि बाणाच्या स्पर्शाने उघडलेली यादी मिटायची. त्याच कार्यक्रमाच्या नव्या अवताराने ही लटपट सोडून एक्सफिक्सेस या विस्तारातील कर्सर लपविण्याची अधिकृत आज्ञा वापरली, आणि ती तक्रार संपली.

वेलँडमध्ये हे दोन्ही मार्ग बंद झाले. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली आरंभिलेल्या या प्रणालीत बाण ज्या खिडकीवर असेल तिच्या कार्यक्रमाने कर्सरचे चित्र द्यायचे असते; तिऱ्हाइताला त्यात बोलण्याचा हक्क नाही, म्हणून अनक्लटर तेथे चालतो पण काही करू शकत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीने पाय ४ आणि पाय ५ या यंत्रांवर वेलँडचा अंगीकार केला, तेव्हा ज्यांनी निष्काळजीपणे नवी प्रणाली चढविली त्यांच्या फलकांवर, कोठलीही फाइल बदललेली नसताना, मध्यभागी बाण येऊन ठाकला, त्याचे कारण हेच. आता उपाय ज्याच्या त्याच्या हद्दीत करावे लागतात. पानाच्या शैली-पत्रकात ‘कर्सर: काही नाही’ एवढी सूचना दिली की पानापुरता बाण जातो, तथापि पान यायच्या आधीच्या काही सेकंदांत, अथवा जाळे तुटल्यामुळे ब्राउझरने स्वतःचे त्रुटी-पान दाखविले तर, तेथे आपले शैली-पत्रक नसते आणि बाण पुन्हा दिसतो. म्हणून अधिक पक्का बंदोबस्त म्हणजे सर्व आकृत्या पारदर्शक असलेला एक कर्सर-संच तयार करून तोच प्रणालीचा नित्याचा संच म्हणून नेमणे. बाण असतोच, फक्त कोणाला दिसत नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगण्यासारखी आहे. केज यासारखे खास किऑस्कसाठी लिहिलेले कंपॉझिटर निर्देशक-साधन जोडलेले नसेल तर आपण होऊन कर्सर रेखाटीतच नाहीत, आणि म्हणून माउस उपटला की प्रश्न मिटायला हवा. पण काही फलकांवर माउस उपटूनही बाण राहतो. कारण असे की ‘निर्देशक’ ही पदवी माउसखेरीज इतरांनाही मिळालेली असते: काही स्पर्श-पडदे स्वतःची नोंद स्पर्श-साधन आणि माउस अशी दुहेरी करतात, आणि एचडीएमआय तारेतून टीव्हीच्या रिमोटचे हुकूम स्वीकारणारी जी सोय कर्नलमध्ये आहे, तीही निर्देशकाच्या गुणांसह नोंदली जाऊ शकते. ही साधने हाताळणाऱ्या लिबइनपुटला त्यांची यादी मागितली की हे सारे दाखले उघड होतात. भिंतीवरच्या टीव्हीचा रिमोट हाच तो अदृश्य माउस, हा शोध ज्याला लागतो त्याचा आनंद मला समजू शकतो.

डेस्कटॉपच्या सूचनांचे प्रकरण यापेक्षा सोपे आहे. नवी आवृत्ती उपलब्ध आहे, जाळे तुटले, जाळे जुळले, प्रिंटर सापडला, अशा वार्ता आणणारे लहान लहान कार्यक्रम लॉगिन होताच एका ठराविक निर्देशिकेतून सुरू होतात. त्यांपैकी नको त्यांच्या फाइलीची प्रत वापरकर्त्याच्या घर-निर्देशिकेत करून तीत ‘गुप्त’ अशी खूण केली म्हणजे पुरे. ग्नोम या डेस्कटॉपच्या चाळिसाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, लॉगिन होताच खिडक्यांचे विहंगमदृश्य समोर येते आणि किऑस्कचे पान मध्यभागी आक्रसून त्याच्या माथ्यावर शोधाची चौकट दिसते. ग्नोमचा आग्रह धरणाऱ्याने यासाठी एक विस्तार बसवावा, किंवा माझ्या मते आग्रहच सोडावा. रास्पबेरी पायच्या अलीकडच्या प्रणालीत स्पर्श-पडदा असेल तर मजकुराच्या चौकटीला बोट लागताच स्क्विकबोर्ड नावाचा कळफलक खालून वर येतो, आणि अर्धे पान झाकतो. तो प्रणालीच्या कॉन्फिगरेशन-साधनातून बंद होतो.

परंतु ‘नव्या किल्लीजुडग्यासाठी सांकेतिक शब्द निवडा’ ही जी चौकट पुष्कळांना कोड्यात टाकते, तिची कुळकथा लक्षात घेण्याजोगी आहे. डेस्कटॉपवर वापरकर्त्यांची गुपिते ठेवणारी एक तिजोरी असते आणि ती लॉगिनच्या वेळी दिलेल्या सांकेतिक शब्दानेच उघडते. किऑस्कवर लॉगिन आपोआप होते, सांकेतिक शब्द कोणी देतच नाही, म्हणून तिजोरी तयारच झालेली नसते किंवा बंद राहते. आणि क्रोमियम हा ब्राउझर आपल्या सवयीप्रमाणे कुकी व सांकेतिक शब्द सुरक्षित ठेवण्यासाठी तिजोरी मागतो, तेव्हा तिजोरीचा रखवालदार किल्ली विचारण्यासाठी पडद्यावर प्रकट होतो. येथे चौकट काढणारा एक आणि तिला काढायला लावणारा दुसरा. चौकट दडपण्यापेक्षा क्रोमियमलाच ‘साधी साठवण वापर’ असा पर्याय द्यावा, म्हणजे तो तिजोरीकडे जातच नाही. ज्या यंत्रावर कोणाचीही गुपिते नाहीत तेथे यात गमावण्यासारखे काही नाही.

क्रोमियमचे स्वतःचे उद्गार याहून अधिक आहेत, आणि त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे ‘क्रोमियम नीट बंद झाला नाही, पाने पुन्हा उघडू काय?’ हा. ब्राउझर चालू असताना त्याच्या पसंतींच्या फाइलीत ‘अंत अपघाती’ अशा अर्थाची नोंद असते, आणि तो रीतसर बंद होताना ती बदलून ‘अंत सुरळीत’ अशी करतो. फलकाला रीतसर बंद होण्याचे भाग्य क्वचितच लाभते. रात्री कोणी तरी भिंतीवरचे बटण बंद करतो आणि प्रकरण संपते. सकाळी ब्राउझर उठतो, आपलीच अपूर्ण नोंद वाचतो आणि प्रामाणिकपणे विचारतो. यावर पुष्कळजण असे करतात की ब्राउझर सुरू करण्याआधी एका छोट्या आज्ञेने ती नोंद खोडून ‘सुरळीत’ असे लिहावे. म्हणजे रोज सकाळी एक खोटा दाखला तयार करावा. काम होते, यात वाद नाही. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे संपूर्ण साठवण केवळ-वाचनीय करून त्यावर स्मृतीत एक तात्पुरते आवरण घालणे. रास्पबेरी पायच्या कॉन्फिगरेशन-साधनात ही सोय तयार आहे. मग दिवसभरात लिहिलेले सारे वीज जाताच लोपते, ब्राउझर दररोज त्याच निष्कलंक स्थितीतून जागा होतो, आणि ऐन लेखनाच्या वेळी वीज गेल्यामुळे एसडी कार्ड बिघडण्याचा धोकाही टळतो.

याच घराण्यातील दुसरी चौकट दुर्मिळ पण अधिक त्रासदायक आहे: ‘ही प्रोफाइल दुसऱ्या संगणकावरील क्रोमियम वापरीत आहे’. एक कार्ड तयार करून त्याच्या प्रती काढल्या, प्रत्येक यंत्राला वेगळे नाव दिले, आणि कोठलाही फलक उघडेना, असे झाले की समजावे की मूळ यंत्रावर ब्राउझर चालू असतानाच प्रत काढली गेली. चालू असताना क्रोमियम प्रोफाइलच्या निर्देशिकेत एक कुलूप ठेवतो आणि त्यावर यंत्राचे नाव घालतो. नव्या नावाचे यंत्र ते पाहते आणि परक्याची हद्द समजून मागे फिरते. कुलपाची ती फाइल पुसली की काम चालू होते.

मराठी पानांवर भाषांतराची चौकट हमखास उगवते, कारण प्रणालीची भाषा इंग्रजी ठेवलेली असते आणि पान देवनागरीत असते. ब्राउझर तत्परतेने इंग्रजी करून देण्याची तयारी दाखवितो. फलकावर पाच-सहाच शब्द असतील तर मराठी मजकुरास हिंदी समजण्याची गल्लतही होऊ शकते. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याचे घोषित करावेच, पण भरवसा धरावा तो धोरण-फाइलीचा. लिनक्सवर क्रोमियमसाठी एक निर्देशिका नेमलेली आहे. तीत भाषांतर बंद, सांकेतिक शब्द जपण्याची विचारणा बंद, सूचना मागण्यास मनाई, असे लिहिले की ब्राउझर ते प्रशासकाचे फर्मान म्हणून पाळतो. आरंभीच्या आज्ञेला जोडलेले पर्याय आणि हे धोरण यांत मोठे अंतर आहे. पर्याय हे मुळात विकसकांच्या सोयीसाठी असतात आणि ते कोणालाही न विचारता काढून टाकले जातात; माहिती-पट्ट्या एकजात बंद करणारा जो पर्याय असंख्य किऑस्कांच्या फाइलींत होता, तो २०१९ मध्ये निकामी झाला आणि त्याची ओळ मात्र आजही नकलून नकलून पुढे दिली जात आहे.

त्या पट्ट्यांपैकी एक अशी आहे की तिला दडपणे मला गैर वाटते. ‘आपण असमर्थित पर्याय वापरीत आहात, स्थैर्य व सुरक्षितता यांस बाध येईल’ असे ती सांगते, आणि तिचे कारण शोधू जाता बहुधा असे आढळते की कोणी तरी संपूर्ण किऑस्क रूट या सर्वाधिकारी खात्याने चालविला आहे, रूटखाली क्रोमियम चालावयास नकार देतो, म्हणून त्याची संरक्षक कुंपण-व्यवस्था मोडणारा पर्याय घालण्यात आला आहे, आणि आता ती पट्टी सलते म्हणून तिलाही घालविण्याचा विचार आहे. पट्टी खरे बोलते. एक साधे खाते काढून ब्राउझर त्याखाली चालवावा, म्हणजे पर्यायाची गरज उरत नाही आणि पट्टीचीही.

पानाच्या हद्दीतले उपद्रव स्पर्श-पडद्यावरच अधिक होतात: बोट दाबून धरले की उघडणारी यादी, शब्दावर उमटणारी निळी निवड, दोन बोटांनी होणारे विशालन, कडेने बोट सरकविल्यावर मागच्या पानावर जाणे. यांतील पहिल्या तिहींचा बंदोबस्त पानाच्या शैली-पत्रकात व थोड्याशा स्क्रिप्टमध्ये होतो, चौथ्याचा ब्राउझरच्या पर्यायात.

इतके वाचल्यावर एखादा विचारील, की पट्ट्या, सूचना, तिजोऱ्या यांसह सगळा डेस्कटॉप आधी आणायचा आणि मग एकेकाला हाकलायचे, यापेक्षा डेस्कटॉपच का टाकू नये? प्रश्न रास्त आहे, आणि नव्या कामासाठी माझाही सल्ला तोच आहे. केज एकच कार्यक्रम पूर्ण पडद्यावर चालवितो आणि दुसरे काही जाणत नाही. वेस्टन या कंपॉझिटरच्या २०२० मधील नवव्या आवृत्तीपासून त्यातही किऑस्कचे खास कवच आहे. कॅनॉनिकलची उबंटू फ्रेम याच हेतूने निघाली. यांच्यावर पट्टी येत नाही, कारण पट्टी काढणारा तेथे नाही. ब्राउझरच्या चौकटी मात्र तेथेही येतात, आणि ज्याच्याकडे आधीपासून चालत आलेले फलक आहेत त्याला मालकाच्या शोधातून सुटका नाही.

राहता राहिली तळाची दोन खाती. यंत्र सुरू होताना दिसणारी इंद्रधनुषी चौकट फर्मवेअरची. कर्नलच्या संदेशांवर रांगेने उभे राहणारे पेंग्विन कर्नलचे. हा पेंग्विन म्हणजे लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढलेला टक्स, आणि यंत्रात प्रोसेसरचे जितके गाभे तितके पेंग्विन दिसतात, रास्पबेरी पायवर त्यांच्या जागी तितकी फळे. त्यानंतर काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ राहते, तीही कर्नलच्या मजकूर-पडद्याची. चौकट कॉन्फिग फाइलीतील एका ओळीने जाते, बाकीची कर्नलला आरंभी द्यायच्या शब्दांनी. हे सर्व शोभेचे काम आहे आणि सावकाश केले तरी चालते.

पिवळ्या विजेची खूण शोभेची नव्हे. रास्पबेरी पायचा पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की ती उमटते. जुन्या ग्राफिक्स-चालकांवर ती फर्मवेअर स्वतः, लिनक्सला न विचारता, सर्व प्रतिमेच्या वर काढते, आणि म्हणूनच ती स्क्रीनशॉटमध्ये सापडत नाही. नव्या चालकांवर तीच वार्ता डेस्कटॉपची सूचना होऊन किंवा कर्नलच्या नोंदवहीतील ओळ होऊन येते. कॉन्फिग फाइलीत इशारे टाळण्याची एक ओळ आहे आणि ती लिहिली की खूण जाते, पण व्होल्ट जेथल्या तेथेच राहतात: प्रोसेसर आपला वेग उतरवितो, पान अडखळते, कधी यंत्र मध्येच पुन्हा सुरू होते, आणि पुन्हा सुरू झाले की ‘क्रोमियम नीट बंद झाला नाही’ ही पृच्छा. फलकाच्या एका टोकाला दिसणाऱ्या उपद्रवाचे मूळ असे दुसऱ्या टोकाला निघते. फर्मवेअरला विचारणा करणारी एक आज्ञा आहे. ती एका आकड्यात हे सांगते की पुरवठा या घटकेला कमी आहे काय, आणि यंत्र सुरू झाल्यापासून केव्हा तरी कमी झाला होता काय. हा आकडा पुरवठा कमी असल्याचे सांगत असेल तर अडॅप्टर बदलावा. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर आहे, पाय ५ साठी ५ अँपिअरचा. मोबाइलचा जुना चार्जर आणि छतातून फिरवून आणलेली लांब बारीक वायर यांच्या जोडीने हा पुरवठा टिकत नाही, कारण वायर जितकी लांब आणि बारीक तितके व्होल्ट वाटेतच गळतात. टीव्हीच्या मागच्या बाजूला असलेल्या यूएसबी खाचेतून वीज घेण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा. नवा अडॅप्टर आखूड, जाड वायरीने जोडून दोन-चार दिवस तो आकडा शून्यच राहतो हे पाहावे, आणि पूर्वी कोणी इशारे टाळण्याची ओळ लिहून ठेवली असेल तर ती फाइलीतून काढून टाकावी.